६५ अंशांची चाचणी आणि ४३ अंशांचा मे महिना

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. टोळी निघायच्या आठवड्यात कुणी दोन आठवडे न थांबणारा खोकला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आलं, बेडका घेतला, तो तालुक्याला गेला आणि अहवाल चार दिवसांनी हातात पडला, तर तो द्यायचा कुणाला? माणूस तोवर कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर पोचलेला असतो आणि खोपीत चार माणसांत खोकत असतो. क्षयाच्या चाचणीची किंमत काढताना आपल्याकडे रुपयांसोबत दिवसही धरावे लागतात ते यामुळे.

डीएनए शोधणारी यंत्रं सरकारी व्यवस्थेत आहेत. सीबीनॅट आहे, ट्रूनॅट आहे. सीबीनॅटच्या यंत्राला खोली ३० अंशांच्या आत हवी आणि त्याची काडतुसं २८ अंशांच्या आत ठेवावी लागतात, म्हणजे एसी आला आणि न जाणारी लाइट आली. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालतं, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. दोन्ही चांगली आहेत. पण दोन्हींत दर तपासणीला एक काडतूस किंवा एक चिप खर्ची पडते, आणि त्या त्या यंत्राचा पुरवठा एकाच कंपनीकडून येतो. याहून स्वस्त, आरोग्य केंद्राच्या टेबलावर एकट्या लॅब टेक्निशियनला तास-दीड तासात करता येईल असं काही बनवायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी लॅम्पवर, म्हणजे एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीवर, येऊन थांबते.

लॅम्पची रासायनिक क्रिया हा या सगळ्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे, असं माझं मत आहे. चाचणी फसते ती त्याच्या आधी किंवा नंतर.

पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवायच्या नेहमीच्या पद्धतीत तापमान तीस-चाळीस वेळा वरखाली करावं लागतं. लॅम्प एकाच तापमानावर, ६० ते ६७ अंशांच्या दरम्यान चालते. जपानच्या आयकेन केमिकल कंपनीतल्या संशोधकांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. तिच्यातलं बीएसटी हे एन्झाइम डीएनएची दुहेरी साखळी स्वतःच सोडवत पुढे सरकतं, त्यामुळे ९५ अंशांची गरज उरत नाही. चार प्रायमर, म्हणजे ठरावीक जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, मिळून जनुकावरच्या सहा जागा ओळखतात; वर दोन लूप प्रायमर घातले की वेळ बराच कमी होतो. क्षयासाठी या पद्धतीचा तयार संच निघाला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीऐवजी तो वापरायला हरकत नाही असं सांगितलं. त्यात रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाचा प्रतिरोध कळत नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं.

२५ मायक्रोलिटरच्या एका ट्यूबमध्ये साधारण हे लागतं: एफआयपी आणि बीआयपी प्रायमर प्रत्येकी १.६ मायक्रोमोलर, एफ३ आणि बी३ प्रत्येकी ०.२, लूप प्रायमर प्रत्येकी ०.४, चारही डीएनटीपी (डीएनए बांधायचे सुटे घटक) प्रत्येकी १.४ मिलिमोलर, मॅग्नेशियम एकूण ८ मिलिमोलर, बीएसटी ८ युनिट. मॅग्नेशियमचा आकडा मोठा वाटतो, पण ५.६ मिलिमोलर डीएनटीपी जवळपास तेवढंच मॅग्नेशियम धरून बसतात; एन्झाइमच्या वाट्याला दोन-अडीचच उरतं. नमुन्यातून थोडं जरी ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) आलं तरी क्रिया का मरते, ते या वजाबाकीत दिसतं.

क्षयाच्या जंतूच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं सुमारे ६५ टक्के. त्यामुळे प्रायमर एकमेकांना चिकटतात आणि ०.८ मोलरच्या आसपास बीटेन घालावं लागतं. एफआयपी आणि बीआयपी हे चाळीसेक अक्षरांचे लांब प्रायमर असतात. ते एचपीएलसीनं शुद्ध केलेलेच मागवावेत. इथे पैसे वाचवले की अर्धवट बनलेल्या तुकड्यांमुळे प्रत्येक खेपेला वेळ बदलतो आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो.

एन्झाइमचं म्हणाल तर ते देशात, साध्या ई. कोलाय जिवाणूमध्ये बनवता येतं. पेशी फोडून अर्क ६५ अंशांवर अर्धा तास ठेवला की ई. कोलायची बरीचशी प्रथिनं साकळून खाली बसतात आणि बीएसटी वर राहतं. शुद्धीकरणाचं निम्मं काम फुकटात होतं.

बेडका

खरं काम इथे आहे. बेडका म्हणजे चिकट श्लेष्मा, पू, लाळ, कधी रक्त, आणि त्यात विखुरलेले मेणचट कवचाचे जंतू. कवच फुटल्याशिवाय डीएनए बाहेर येत नाही.

एक साधी पद्धत अशी. रबरी रिंग असलेल्या स्क्रू झाकणाच्या ट्यूबमध्ये ०.१ मिलिमीटरचे काचेचे मणी आणि ३०० मायक्रोलिटर द्रावण आधीच भरलेलं असतं: ५ टक्के चेलेक्स (धातूचे आयन ओढून घेणारे बारीक कण) आणि १ टक्का ट्रायटन (साबणासारखं रसायन). त्यात १०० मायक्रोलिटर बेडका घालायचा, झाकण घट्ट लावायचं आणि ९५ अंशांवर २० मिनिटं ठेवायचं. मग पाच मिनिटं जोरात हलवायचं, पाच मिनिटं उभं ठेवायचं आणि वरचं निवळ २० मायक्रोलिटर घ्यायचं. आधी उष्णता आणि मग हलवणं, हा क्रम उलटा करायचा नाही. जिवंत जंतू असलेली ट्यूब हलवणं म्हणजे गळतीची वाट बघणं.

यात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. ट्यूब तापवायच्या धातूच्या ब्लॉकचं भोक उथळ असलं की ट्यूबचा वरचा भाग गार राहतो आणि झाकणाच्या आत उडालेल्या थेंबातले जंतू मरतच नाहीत. म्हणून ट्यूब झाकणाच्या कडेपर्यंत तापायला हवी. दुसरं, निवळ घेताना चेलेक्सचे दोन-चार कण सोबत आले तर ते मॅग्नेशियम ओढून घेतात आणि पक्का रुग्णही निगेटिव्ह दिसतो. त्यावर ट्यूबच्या तोंडाशी बारीक गाळणी असलेला ड्रॉपर लावणं हा उपाय पिपेटिंग शिकवण्यापेक्षा खात्रीचा आहे.

आता हिशेब. बेडक्यात मिलिलिटरला १००० जंतू आहेत असं धरा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला पाच ते दहा हजार लागतात, म्हणजे हा रुग्ण स्लाइडवर निगेटिव्हच येणार. १०० मायक्रोलिटरमध्ये १०० जंतू आले, ते ४०० मायक्रोलिटरमध्ये पसरले, आणि त्यातले २० मायक्रोलिटर क्रियेत गेले. हाती उरले ५. कवच निम्म्यांचंच फुटलं तर अडीच. सरासरी अडीच असेल तेव्हा शंभरातल्या आठ ट्यूबमध्ये निव्वळ योगायोगानं एकही जंतू जात नाही. सरासरी ३ असली तरी पाच ट्यूब रिकाम्या जातात. हे संख्याशास्त्र आहे. महागडं एन्झाइम आणलं म्हणून ते बदलत नाही. संवेदनशीलता वाढवायची तर जास्त बेडका घ्या, कमी द्रावणात फोडा किंवा जंतूत अनेक प्रती असलेला भाग शोधा.

तिसऱ्या वाटेवर आयएस६११० हा भाग सगळ्यांच्या आवडीचा, कारण बऱ्याच जंतूंत त्याच्या दहा-पंधरा प्रती असतात. पण भारतात, विशेषतः दक्षिणेकडे, या भागाची एकच प्रत असलेले किंवा तो अजिबात नसलेले जंतू सापडलेले आहेत. नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांची ये-जा तेलंगणा-कर्नाटकाशी रोजची. फक्त आयएस६११० वर चाचणी उभी केली तर असे रुग्ण कायमचे सुटतील. सोबत आयएस१०८१ चे प्रायमर हवेतच. सीबीनॅटच्या एक्सपर्ट अल्ट्रा या काडतुसामध्येही हेच दोन भाग जोडीनं वापरलेले आहेत.

मराठवाड्यातल्या नमुन्याची आणखी एक खासियत: तंबाखू-चुना आणि गुटखा. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो पीएच वर ढकलतो. काथ आणि सुपारीतली टॅनिनं एन्झाइमला धरून ठेवतात. वर लालसर रंग, जो कुठलीही रंगावर वाचायची चाचणी बिघडवतो. बेडका देण्याआधी साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून चूळ भरायला लावणं हा चाचणीचाच भाग समजून सूचनापत्रकात पहिल्या ओळीत छापावा. आणि चूळ भरूनही काही राहिलं असेल तर ते कळायला प्रत्येक रुग्णासाठी दुसरी ट्यूब हवी, ज्यात माणसाचं जनुक शोधलं जातं. ती ट्यूब पॉझिटिव्ह आली नाही, तर क्षयाच्या ट्यूबमधल्या निगेटिव्हला काही अर्थ नाही. निकाल 'अवैध' लिहायचा आणि नमुना पुन्हा घ्यायचा. दर तपासणीचा खर्च यानं जवळपास दुप्पट होतो. तरी ही ट्यूब वगळू नये.

निकाल वाचायचा कसा

फिनॉल रेड हा पीएचनुसार बदलणारा रंग दिसायला फार छान. डीएनए वाढताना हायड्रोजन आयन सुटतात, आठाच्या वर असलेला पीएच साडेसहाच्या खाली येतो आणि गुलाबी ट्यूब पिवळी होते. पण त्यासाठी बफर जवळजवळ काढून टाकावं लागतं, म्हणजे नमुन्यातल्या आम्लापुढे आणि अल्कलीपुढे ट्यूब उघडी पडते. आंबट लाळ आली की सुरुवातीलाच पिवळी, चुना आला की शेवटपर्यंत गुलाबी. कोरड्या बर्फात पाठवलेल्या ट्यूब कार्बन डायऑक्साइड शोषून वाटेतच पिवळ्या पडतात. कच्च्या बेडक्यासाठी फिनॉल रेड नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू हा दुसरा रंग पीएचवर अवलंबून नाही, पण जांभळ्यातून आकाशी हा बदल पिवळट बल्बखाली दोन माणसांना दोन तऱ्हेचा दिसतो. फ्लुओरेसंट रंग, ४७० नॅनोमीटरची निळी एलईडी आणि समोर नारिंगी फिल्टर हे सगळं फारसं महाग नाही आणि डोळ्यांवर भार टाकत नाही. मात्र हा रंग कुठल्याही दुहेरी डीएनएला चिकटतो. प्रायमर आपापसात जुळून वाढले तरी तो चमकतो. म्हणून वेळेची मर्यादा घालावी लागते. निव्वळ पाण्याच्या निदान दोन डझन ट्यूब तासभर चालवा, सगळ्यांत आधी चमकलेली ट्यूब कितव्या मिनिटाला चमकली ते पाहा आणि मर्यादा त्याच्या बरीच आधी ठेवा. ४० मिनिटांची मर्यादा असेल तर यंत्रानं ४० व्या मिनिटाला स्वतःहून निकाल गोठवावा. टेक्निशियन तेव्हा लसीकरणाच्या रांगेत असतो.

वाळवण आणि कोठी

बीएसटी ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर येतं. आरोग्य केंद्रातला आयएलआर (लसींचा खास फ्रीज) आणि डीप फ्रीजर लसींसाठी राखीव आहे. त्यात दुसरं काही ठेवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे चाचणीचं सामान कपाटात टिकायला हवं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखालच्या कोठीत त्याहून वर.

उपाय गोठवून सुकवण्याचा. एन्झाइम ग्लिसरॉलविना मागवायचं, कारण थोडं ग्लिसरॉल राहिलं तरी वडी चिकट होते आणि महिनाभरात बसते. ट्रेहॅलोज साखर आधार म्हणून घालायची. एन्झाइम, प्रायमर, डीएनटीपी आणि ट्रेहॅलोज सुक्या गोळीत. बीटेन, मॅग्नेशियम आणि क्षार वेगळ्या द्रावणात. बीटेन ओल धरतं, ते गोळीत घातलं की सगळं सुकवणं वाया. सुकवताना पहिल्या टप्प्यात गोळीचं तापमान उणे ३० च्या खालीच राहिलं पाहिजे, नाहीतर साखरेचा सांगाडा ढासळतो आणि पाणी आत अडकतं. गोळी अॅल्युमिनियमच्या पाकिटात, सोबत आर्द्रता शोषणारी पुडी.

मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाकीट फोडल्यावर गोळी थोडा वेळ उघडी राहिली तरी चालून जातं. श्रावणात तीच गोळी बघता बघता ओलसर होऊन आक्रसते. म्हणून एका पाकिटात एकाच रुग्णाच्या दोन ट्यूब. आठ ट्यूबची पट्टी स्वस्त पडते, पण दिवसाला दोनच रुग्ण आले तर उरलेल्या चार पावसाळ्यात फुकट जातात.

टिकाऊपणाचा अंदाज काढताना दर १० अंशांना वेग दुप्पट असा ठोकताळा वापरतात: ४५ अंशांवर तीन महिने टिकलं म्हणजे २५ अंशांवर वर्षभर टिकेल. पुण्या-मुंबईच्या कंपनीला हे ठीक. इथे ४५ अंश हा झटपट प्रयोग नाही, तो उन्हाळ्यातला प्रत्यक्ष साठा आहे. झटपट प्रयोग करायचाच तर ५५ वर करा आणि ४५ वर खरेखुरे सहा महिने ठेवा.

पातळ करायला पाणी संचातच, बंद कुपीत द्यावं. बोअरचं पाणी जड, कॅल्शियम आणि बायकार्बोनेटनं भरलेलं. आरओचं पाणीही डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमपासून मुक्त नसतं. 'शुद्ध पाणी घाला' असं छापलं की जे पाणी जवळ असेल ते जाणार.

आरपीए या दुसऱ्या पद्धतीबद्दल विचारलं जातं, कारण ती ३७ ते ४२ अंशांवर चालते आणि हीटर जवळजवळ लागतच नाही. तीच तिची इथली अडचण. मे महिन्यात दुपारी टेबलावर ठेवलेल्या ट्यूबमध्ये मॅग्नेशियम पडताक्षणी क्रिया सुरू होते आणि पहिल्या-शेवटच्या ट्यूबच्या वेळेत फरक पडतो. बीएसटीचं मात्र ४५ अंशांखाली काम सुरू न करणारं रूप मिळतं. आपल्या उन्हाळ्याला तेच बरं.

हीटर

यावर लोक उगाच जास्त वेळ घालवतात. १०० ग्रॅम अॅल्युमिनियम ३० वरून ६५ अंशांवर न्यायला सुमारे ३१५० ज्यूल लागतात. २० वॉटच्या हीटरला तीन-चार मिनिटं. पुढे नीट वेष्टन असेल तर पाचेक वॉटमध्ये ते टिकतं. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळते. तिच्यात ९६ वॉट-तास असतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ४८ हाती. ९५ अंशांचा ब्लॉक आणि ६५ अंशांची ४० मिनिटं मिळून एका फेरीला आठ-नऊ वॉट-तास. लाइट दिवसभर नसली तरी पाच फेऱ्या निघतात.

तापमान ब्लॉकचं नाही, ट्यूबच्या आतलं मोजायचं. २५ मायक्रोलिटर पाणी, वर तेलाचा थर, झाकणाला भोक पाडून बारीक थर्मोकपल. बहुतेक वेळा आतलं पाणी ब्लॉकपेक्षा दोन-तीन अंशांनी गार निघतं. झाकण वरून तापवलं नाही तर पाणी उडून झाकणाला जमतं आणि खाली उरलेलं मिश्रण दाट होतं. गरम झाकण जमत नसेल तर ट्यूबमध्ये मिनरल ऑइलचा थर. आणि तापमान सुटलं तर वीज तोडणारा थर्मल फ्यूज हवाच. सॉफ्टवेअरवर विसंबून लाकडी टेबलावर हीटर ठेवायचा नाही.

कूलर

लॅम्पच्या एका ट्यूबमध्ये तासाभरात अब्जावधी प्रती तयार होतात. अशी एक ट्यूब खोलीत उघडली की पुढे पाण्याच्या ट्यूबही पॉझिटिव्ह येऊ लागतात. संशोधनपत्रिकांत निकालासाठी ट्यूब उघडून पट्टी बुडवण्याच्या पद्धती दिमाखात छापून येतात. आरोग्य केंद्रातली खोली एक, वर पंखा, खिडकीत कूलर, आणि मे महिन्यात तो बंद करा असं सांगणारा माणूस तिथे कधी बसलेला नसतो. म्हणून झाकण एकदा लागलं की हातानं न उघडणारं हवं.

डीएनटीपींतल्या डीटीटीपीच्या जागी डीयूटीपी आणि सोबत डीयूटीपीनं बनलेला डीएनए तोडायला लावणारं, कमी तापमानाला मरणारं यूडीजी हे एन्झाइम घातलं की जुन्या प्रती खोलीच्या तापमानालाच पाच-दहा मिनिटांत तुटतात आणि ५० अंशांच्या पुढे यूडीजी स्वतः निष्क्रिय होतं. टेबल ताज्या, एकास नऊ पातळ केलेल्या ब्लीचनं पुसायचं, दहा मिनिटांनी पाण्यानं आणि मग स्पिरिटनं. नमुना फोडायला ग्वानिडिन थायोसायनेट वापरत असाल तर त्याला ब्लीच लावू नका, विषारी वायू सुटतो. चेलेक्सची पद्धत मला बरी वाटते त्याचं हेही एक कारण.

कागदावरची आणि गावातली अचूकता

शोधमर्यादा, म्हणजे चाचणीला कमीत कमी किती जंतू सापडतात ते, सांगताना एकाच पातळीच्या २० नमुन्यांपैकी निदान १९ पॉझिटिव्ह यावेत असा रिवाज आहे. ते नमुने पाण्यात मिसळलेल्या डीएनएचे नकोत. निगेटिव्ह बेडक्यात मेलेले जंतू मिसळून, फोडण्यापासून सगळ्या पायऱ्या करून यायला हवेत. बाहेर नमुने तपासायला लागण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी आणि वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली चाचणीपुरतं उत्पादन करण्याचा एमडी-१३ परवाना लागतो. कागदपत्रांना वेळ लागतो, तो आधी धरावा.

शिबिरात सरसकट सगळ्यांना ही चाचणी लावायचा मोह होईल. समजा १००० लोकांत ५ रुग्ण आहेत, चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९८ टक्के निरोगी माणसांना निगेटिव्ह म्हणते. रुग्ण सापडतील चार-पाच, आणि नसलेला क्षय वीस जणांच्या नावावर लागेल. त्यात लग्नाच्या मुली असतील, कामावरून काढले जाणारे असतील. आधी लक्षणं विचारून किंवा छातीचा एक्स-रे पाहून गाळणी लावली तरच हे गणित सुधारतं.

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचा रिफाम्पिसिन प्रतिरोध सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर पाहावाच लागतो. त्यासाठी बेडका पुन्हा मागायला माणूस मिळेलच असं नाही. म्हणून सुरुवातीलाच १०० मायक्रोलिटर काढून उरलेला दोन-तीन मिलिलिटर त्याच डबीत, झाकण लावून, नाव आणि निक्षय (सरकारी क्षय नोंदणी) क्रमांक लिहून, गारव्यात ठेवायचा आणि त्याच दिवशी तालुक्याला पाठवायचा. लॅम्पच्या वापरलेल्या ट्यूब मात्र ऑटोक्लेव्हमध्ये टाकायच्या नाहीत. दाबानं झाकण उडालं की आतल्या प्रती सगळ्या खोलीत पसरतात. त्या न उघडता दुहेरी पिशवीत बंद करून जाळण्याच्या कचऱ्यात द्यायच्या, आणि ती पिशवी नमुने फोडायच्या टेबलापासून दूर, शक्यतो खोलीबाहेर ठेवायची.